शिकागोचा पाळणा आणि आमच्या जिन्याखालचा

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाळणाघरातल्या एका मुलीची आई संध्याकाळी मुलीला न्यायला आली आणि गाडीची डिकी उघडून उभी राहिली. "काकू, जाऊबाई न्यू जर्सीहून कायमच्या परत आल्या. सगळं सामान कंटेनरमधून आलंय. त्यांची मुलं आता मोठी झाली. हे तुमच्याकडे कामाला येईल ना?" डिकीत तीन वस्तू होत्या. जाळीच्या भिंतींचा घडीचा पाळणा, ताटाची उंच खुर्ची आणि तिरप्या पाठीचा, पायाने झुलवायचा लहान बाळाचा बिछाना. सगळं स्वच्छ धुतलेलं, पट्टे नीट गुंडाळलेले.

मी नको म्हटलं नाही. कोथरूडमध्ये पाळणाघर चालवणारी बाई फुकट मिळालेला पाळणा परत करत नाही. पण तिन्ही वस्तू मी आठ दिवस जिन्याखाली ठेवल्या आणि वर जुनी चादर टाकली. आमच्या मावशींना ते पटलं नाही. "चांगली वस्तू धूळ खातीय," असं त्या रोज ऐकवायच्या. मी का थांबले, ते सांगायचं तर आधी शिकागोला जावं लागेल. पाळणाघर चालवणाऱ्या प्रत्येकीला ते प्रकरण माहीत असावं असं मला वाटतं.

तारीख १२ मे १९९८. आदल्याच दिवशी पोखरणचे स्फोट झाले होते, त्यामुळे त्या दिवशी आपल्याकडच्या पेपरांत दुसरं काही नव्हतं. शिकागोत मात्र एका घरगुती पाळणाघरात डॅनी कायसर नावाचा मुलगा घडीच्या पाळण्यात झोपवला होता. वय दीड वर्षाच्याही आत. पाळणाघर रीतसर परवान्याचं. पाळण्याचा वरचा कठडा मधोमध दुमडला आणि मुलाची मान त्या खाचेत अडकली. मूल गेलं.

आई लिंडा गिन्झेल आणि वडील बोआझ कायसर, दोघंही शिकागो विद्यापीठात प्राध्यापक. असं काही घडलं की माणूस आधी नशिबाला बोल लावतो, कधी लाखात एक घडणारा अपघात म्हणतो. पण थोड्याच काळात त्यांना कळलं की तो पाळणा १९९३ मध्येच बाजारातून परत मागवला होता. म्हणजे पाच वर्षं आधी. त्या मॉडेलच्या पाळण्यांनी घेतलेला डॅनी हा पाचवा जीव होता, आणि त्याच वर्षी सहावंही मूल गेलं.

आता पाळण्याची रचना बघा, कारण सगळी गोम तिथे आहे. प्रवासात न्यायचा पाळणा म्हणजे तो घडी होऊन पिशवीत बसला पाहिजे. म्हणून वरचे दोन लांब कठडे मधे बिजागरी ठेवून केले होते, सुताराची घडीची फूटपट्टी असते ना, तसे. उघडल्यावर कठडा सरळ राहावा यासाठी त्याची टोकं हाताने फिरवून पक्की करायची. फिरवली नाहीत किंवा अर्धवट फिरवली, तरी पाळणा उभा दिसतो. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. आणि नीट फिरवली तरी वापरात ती सुटू शकतात. मूल झोपेतून उठतं, कठडा धरून उभं राहतं, पुढे रेलतं. कठडा मधून खाली बसतो आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार होते. मान नेमकी तिथेच येते, कारण उभ्या मुलाची हनुवटी कठड्याच्या उंचीला असते.

मी ही यंत्रणा पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा उठून आमच्या पाळणाघरातल्या प्रत्येक घडीच्या वस्तूची बिजागरी दाबून पाहिली होती. बारा वर्षं झाली त्याला. कपडे वाळत घालायच्या स्टँडचीसुद्धा दाबली.

पाळण्यावर नाव होतं प्लेस्कूल ट्रॅव्हल-लाइट. प्लेस्कूल हे अमेरिकेतल्या घराघरांत माहीत असलेलं खेळण्यांचं नाव, मालकी हॅस्ब्रोची. प्रत्यक्ष पाळणा बनवला होता कोलक्राफ्ट नावाच्या दुसऱ्याच कंपनीने. नाव भाड्याने घेऊन वस्तू विकणं हा उघड धंदा आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. पण पाळणा विकत घेणारी आई नाव बघून घेते, आणि रिकॉलची, म्हणजे वस्तू परत मागवल्याची, बातमी बहुतेक वेळा बनवणाऱ्याच्या नावाने निघते. म्हणून मी आता वस्तू तपासताना दोन्ही नावं टाकून शोधते. पुढचं कुणाचं, मागच्या बारीक अक्षरातलं कुणाचं.

हे पाळणे १९९० ते १९९२ या काळात विकले गेले, साधारण ११,६०० नग. अमेरिकेसारख्या देशात ही मूठभर संख्या. बाजारातून गेले की ते घरांत गेले, घरांतून दुसऱ्या घरांत, माळ्यावर, गॅरेज सेलमध्ये, नातवंडं येतात म्हणून आजीकडे. परत मागवण्याचा निरोप निघाला तो १९९३ मध्ये. तेव्हा तो पोचायचे मार्ग म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी आणि दुकानात चिकटवलेला कागद. ज्याने पाळणा आधीच नेलाय तो दुकानात पुन्हा कशाला जाईल?

डॅनीच्या घटनेआधी आठ दिवस त्या पाळणाघराची सरकारी तपासणी झाली होती आणि त्यात ते पास झालं होतं. तपासनीस बाजूने बघून गेला, पाळणा तिथेच होता. हा तपशील मला आजही टोचतो, पण मी तपासनिसाला दोष देत नाही. त्याच्या यादीत परत मागवलेल्या वस्तू पाहा असा रकानाच नव्हता. सांभाळणाऱ्या बाईला ती बातमी माहीत नव्हती. आईवडिलांना नव्हती. तपासायला येणाऱ्यालाही नव्हती. तिघंही आपापलं काम नीट करत होते.

बोआझ कायसर मानसशास्त्रज्ञ आहेत. पुढे काही वर्षांनी त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की बोलणाऱ्याला आपलं म्हणणं समोरच्याला समजलं असं जितकं वाटतं, तितकं ते समोरच्याला समजलेलं नसतं. हा त्यांच्या संशोधनाचा नेहमीचाच विषय, त्याचा पाळण्याशी थेट संबंध जोडणं बरोबर नाही. पण रिकॉलचा कागद काढून मोकळं झालेल्या कुठल्याही कचेरीच्या भिंतीवर ते वाक्य लावायला हरकत नाही.

त्यांनी आणि गिन्झेल यांनी १९९८ मध्येच किड्स इन डेंजर ही संस्था काढली. शोध घेता घेता लक्षात आलं की अशाच फिरवायच्या कठड्यांचे, वेगवेगळ्या नावांचे मिळून सुमारे पंधरा लाख पाळणे बाजारात गेले होते. १९९९ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला: परत मागवलेली मुलांची वस्तू विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि पाळणाघरात वापरायची नाही. अमेरिकेतलं असं करणारं ते पहिलं राज्य. पुढे १४ ऑगस्ट २००८ रोजी देशपातळीवरचा ग्राहक वस्तू सुरक्षा सुधारणा कायदा झाला. त्यातल्या एका भागाला डॅनीचं नाव आहे.

त्या भागात काय आहे ते पाळणाघराच्या नजरेने सांगते. लहान बाळांच्या टिकाऊ वस्तूंबरोबर, म्हणजे पाळणे, प्लेयार्ड (जाळीच्या भिंतींचे घडीचे पाळणे), उंच खुर्च्या, बाबागाड्या, झोके वगैरेंबरोबर, कंपनीने टपालखर्च भरलेलं नोंदणीचं कार्ड द्यायचं. कार्डावर नाव, पत्ता, फोन लिहून पाठवलं की वस्तूत खोट निघाली तर कंपनी थेट तुम्हाला कळवते. ती माहिती जाहिरातीला वापरायला बंदी आहे. वस्तूवर कंपनीचं नाव, मॉडेल क्रमांक आणि बनवल्याची तारीख निघणार नाही अशी लावायची. शिवाय त्याच कायद्याने परत मागवलेली वस्तू विकणं बेकायदा ठरलं, तुम्ही ती अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत ठेवली तरी. पाळण्यांचे नियमही कडक झाले. एक बाजू सरकवून खाली घ्यायचे पाळणे जून २०११ पासून विकता येत नाहीत.

कार्ड ही त्यातली सगळ्यात साधी गोष्ट, आणि मला विचाराल तर सगळ्यात हुशारीची. बातमी दवंडीसारखी पिटायच्या ऐवजी निरोप माणसाच्या नावाने पाठवायची सोय झाली. पण कार्ड जातं पहिल्या घेणाऱ्याच्या नावाने. तिथून पुढे वस्तू हातोहात जाते, कार्ड जात नाही.

आणि आपल्या घरांत वस्तू हातोहात जाण्याला तर मान आहे. बाळाचं पहिलं दुपटं जुन्या मऊ धोतराचं किंवा साडीचं असावं असं आपण मानतो. धाकट्याचं झबलं थोरल्याचं, पाळणा आत्याच्या घरचा, त्यात तीन पिढ्या झोपलेल्या. माझ्या स्वतःच्या मुलाने मामेबहिणीचे फ्रॉकसुद्धा घातलेत, फोटो आहेत. कापडाच्या बाबतीत मी याच्या बाजूची आहे. लाकडी पाळण्याच्या बाबतीतही, दोऱ्या आणि कड्या तपासून. पण ज्या वस्तूला बिजागरी, खटका, बकल किंवा ठरवून दिलेला कोन आहे, तिचा इतिहास माहीत नसताना ती कुणाच्या लेकराखाली घालू नये.

कुणी म्हणेल, ती नव्वदीतली गोष्ट, आता फोन आहेत. तर २०१९ चं उदाहरण घ्या. फिशर-प्राइसचा रॉक अँड प्ले स्लीपर, तिरप्या पाठीचा झुलता बिछाना, १२ एप्रिल २०१९ रोजी परत मागवला गेला. सुमारे ४७ लाख नग. त्याची बातमी अमेरिकेत सगळ्या वाहिन्यांवर होती, प्रत्येकाच्या खिशात फोन होता. तरी जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या ग्राहक वस्तू सुरक्षा आयोगाला, म्हणजे सीपीएससीला, तोच रिकॉल पुन्हा जाहीर करावा लागला. तोवर त्या बिछान्यांतल्या सुमारे १०० बाळांच्या मृत्यूंची नोंद झाली होती आणि त्यांतले किमान आठ पहिल्या घोषणेनंतरचे होते. कुणाच्या तरी घरी ती वस्तू अजून होती, कुणीतरी ती प्रेमाने दिली होती.

तिरप्या बिछान्याचं दुखणं कठड्याहून वेगळं. लहान बाळाची मान कच्ची असते. तिरपं झोपवलं की डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला लागते, श्वासाची वाट दबते. बाळ वळलं तर तोंड मऊ कापडात जातं आणि त्या उतारावर त्याला परत फिरता येत नाही. ढेकर न निघणाऱ्या, दूध काढणाऱ्या बाळाला तिरपं झोपवलं की बरं वाटतं, म्हणून आया ती वस्तू घ्यायच्या. बरं वाटायचंही. सीपीएससीने करून घेतलेल्या अभ्यासातून दहा अंशांची मर्यादा पुढे आली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत कायदाच झाला की दहा अंशांपेक्षा जास्त तिरपा असलेला, बाळाला झोपवण्यासाठी म्हणून बनवलेला बिछाना विकायचा नाही, कंपनी कुठलीही असो.

आता जिन्याखाली जाऊ.

आठ दिवसांनी, रविवारी मुलं नसताना, मी तिन्ही वस्तू हॉलमध्ये काढल्या. मावशी उत्सुकतेने बसल्या होत्या. उंच खुर्चीचं काम सोपं निघालं. बुडाला पांढरी पट्टी होती, मॉडेल क्रमांक आणि तारीख स्पष्ट. सीपीएससीच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं, त्या कंपनीचे सगळे रिकॉल एकेक करून उघडले. इथे एक लक्षात ठेवायचं: नाव जुळलं म्हणून घाबरायचं नाही आणि यादीतला फोटो वेगळा दिसतो म्हणून निवांतही व्हायचं नाही. मॉडेल क्रमांक आणि बनवल्याच्या तारखांची मुदत, दोन्ही जुळवायचं. एकाच खुर्चीचे अमुक महिन्यांतले नग खराब आणि पुढचे चांगले असं सर्रास असतं. आमच्या खुर्चीचा क्रमांक कुठेच नव्हता. कमरेचा आणि दोन पायांमधला पट्टा ओढून पाहिला, खटका बसतो का पाहिलं, आणि ती खुर्ची आज वापरात आहे.

पाळण्याची पट्टी सापडेना. चारी पाय पाहिले, पिशवी पाहिली. शेवटी तळाची गादी उचलून फोनचा टॉर्च मारला तेव्हा मधल्या दांडीवर मिळाली, अर्धी घासलेली. क्रमांकातला शेवटचा आकडा तीन की आठ ते कळत नव्हतं. मी दोन्ही टाकून पाहिले. दोन्ही निर्धोक. कठडे दाबले, घट्ट होते, या पाळण्याचे खटके आपोआप बसणारे होते. मग मावशींनीच विचारलं, "पण ताई, गादी एवढी जाड कशी?" गादी मूळची नव्हतीच. न्यू जर्सीच्या बाईंनी मुलाला टणक लागतं म्हणून वेगळी, जाड, मऊ गादी घेतली होती. गादी दाबली की जाळी आणि गादी यांच्या फटीत माझा पूर्ण पंजा जात होता. पंजा जातो तिथे बाळाचं तोंड जातं. शिवाय गादी उंच झाली की कठडा तेवढाच बुटका होतो. यादीत नसलेली वस्तूही घरातल्या बदलामुळे धोक्याची होते, हे मला वाचून माहीत होतं, हाताला त्या दिवशी कळलं. गादी काढून टाकली. मूळची पातळ, टणक पाटी खाली होतीच, ती नुसती चादर ताणून वापरतो.

तिसरी वस्तू, तिरपा बिछाना. पट्टी धुऊन धुऊन कोरी झाली होती, कंपनीचं नावसुद्धा राहिलं नव्हतं. पण तिथे क्रमांक शोधायची गरजच नव्हती. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला आणि पाठीला लावला. पंचवीस अंशांच्या पुढे.

मावशी म्हणाल्या, भंगारवाल्याला द्या, सळ्यांचे पैसे येतील. मी म्हटलं, देऊ, पण असा नाही. भंगारवाल्याने तो जुन्या बाजारात उभा केला असता आणि दीडशे रुपयांत कुणी हौसेने नेला असता. शिवणाची मोठी कात्री घेऊन कापड मधून फाडलं, पट्टे कापले, बकल हातोडीने फोडलं. मावशींना फार जिवावर आलं. एवढं मऊ कापड, त्याची पायपुसणी तरी होतील, म्हणून ते तुकडे त्यांनी नेले.

आपल्याकडे काय सोय आहे, हा प्रश्न मला इतर पाळणाघरवाल्या मैत्रिणी विचारतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं आणि धोकादायक माल परत मागवण्याचा आदेश द्यायचा अधिकार त्याला आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि त्या चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर टाकून खरा की खोटा ते पाहता येतं. मी रस्त्यावरची खुळखुळ्यांची पाकिटं घेणं तेव्हापासून बंद केलं. घडीचा पाळणा मात्र खेळणं नव्हे. आणि परदेशातून सामानात आलेल्या वस्तूचं नोंदणीकार्ड, कुणी भरलं असलंच तर, तिकडच्या जुन्या पत्त्यावर आहे. तिला इथे विचारणारं कुणी नाही, तिचा तिकडचा क्रमांक आपणच तिकडच्या यादीत शोधायचा. एक सूचना: गाडीतली मुलांची सीट सीपीएससीकडे सापडत नाही, ती तिथल्या रस्ते सुरक्षा खात्याकडे, एनएचटीएसएकडे शोधावी लागते. एका पालकांनी चुकीच्या यादीत शोधून "काही नाही निघालं" म्हणून मला निश्चिंतपणे सांगितलं होतं.

सोमवारी त्या मुलीच्या आईला मी सगळं सांगितलं. कापलेल्या बिछान्याचं ऐकून तिचा चेहरा पडला. दिलेली वस्तू कुणी फाडली तर वाईट वाटणारच. मी तिला कोनमापकाचा फोटो दाखवला, २०२२ च्या कायद्याबद्दल सांगितलं. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "काकू, जाऊबाईंना जुळी होती. असे दोन होते."

"दुसरा कुठाय?"

"लातूरला. त्यांच्या बहिणीला दिला, संक्रांतीला."

तिथल्या तिथे तिने जाऊबाईंना फोन लावला, स्पीकरवर. जाऊबाई आधी जरा रागावल्या, आमची दोन्ही त्यातच वाढली म्हणाल्या, ते खरंही होतं. मग त्यांनी बहिणीचा नंबर दिला. बहिणीने तो दिवाणखान्यात ठेवला होता, पण बाळ त्यात राहीना म्हणून शेजारच्या अंगणवाडी सेविकेने मागितला तेव्हा तिला देऊन टाकला होता. सेविकेच्या मुलीला सातवा महिना लागलाय. तिचा नंबर बहिणीकडे नाही, ती संध्याकाळी जाऊन आणणार आहे.

मी कोनमापकाचा फोटो पाठवून ठेवला आहे. सात वाजता पुन्हा फोन करते.